घरावरचं दगडी क्लॅडिंग काढायचंय? मोबाईल कुठे कामाला येतो आणि कुठे गंडवतो



आज आपण एका भिंतीबद्दल बोलणार आहोत. टेक वेबसाइटवर भिंत कशाला, असं वाटेल. पण या कामात मी फोन जितका वापरला, तितका कुठल्या ट्रिपलाही वापरला नव्हता. आणि या कामात फोनने मला चांगलंच गंडवलंही.

झालं असं. नाशिकला आमचं रो-हाऊस आहे. समोरच्या भिंतीवर, वरच्या मजल्याच्या खिडकीभोवती, राजस्थानातल्या धोलपूरचा फिकट रंगाचा वालुकाश्म लावलेला आहे. मे महिन्यातल्या एका दुपारी त्यातला एक दगड सुटला आणि खाली पायरीवर येऊन फुटला. त्या पायरीवर आजी रोज भाजी निवडत बसते. त्या वेळी ती चहा टाकायला आत गेली होती.

ठेकेदाराला फोन केला तर तो म्हणाला, "एकच पडलाय ना? येऊन चिकटवून देतो." बाबा म्हणाले, सगळंच उतरवू. दोघांपैकी कोण बरोबर? आणि ते कळणार कसं? हा लेख त्याबद्दल आहे.

आधी हिशोब: एक दगड म्हणजे किती?

आमचा एक दगड दोन फूट बाय एक फूट, जाडी वीस मिलिमीटर. वालुकाश्माची घनता घनमीटरला साधारण २३०० किलो धरली, तर एका दगडाचं वजन साडेआठ किलोच्या आसपास येतं. पाठीला चिकटलेलं सिमेंट वेगळंच. तो पंधरा फुटांवरून सुटला तर खाली यायला एक सेकंदही लागत नाही, आणि जमिनीजवळ त्याचा वेग ताशी ३४ किलोमीटर झालेला असतो. "अरे, बाजूला हो" एवढं म्हणायलाही वेळ मिळत नाही.

म्हणून पहिलं काम फोनचं नाही, दोरीचं. ज्या भिंतीचा दगड पडलाय तिच्याखालची जागा त्याच दिवशी बंद करा. गाडी हलवा, येण्या-जाण्याचा रस्ता बदला. आम्ही आजीची बसायची जागा मागच्या अंगणात नेली. ती चिडली, पण ऐकलं.

हे क्लॅडिंग आहे की खरी दगडी भिंत?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. क्लॅडिंग म्हणजे विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीवर नुसता चिकटवलेला पातळ दगड. तो घराचा भार घेत नाही, म्हणून काढता येतो. पण गावाकडच्या जुन्या घरांत काळ्या पाषाणाची भिंत असते, ती स्वतःच घर पेलून धरते. तिचा दगड काढणं म्हणजे घराच्या पायावर धोंडा घालणं.

ओळखायचं कसं? खिडकीत हात घालून भिंतीची जाडी मोजा. खरी दगडी भिंत दीड फूट किंवा त्याहून जाड असते. विटांची भिंत प्लास्टर धरून नऊ-दहा इंच भरते, क्लॅडिंग असेल तर दोन-एक इंच जास्त. कोपऱ्यावर आडवं बघितलं की दगडाची पातळ कड दिसते. जाडी मोजायला फोनमधलं एआर मेजर ॲप चालेल का? अंदाजाला चालेल. पण ते इंचभर इकडे-तिकडे जाऊ शकतं आणि इथे प्रश्नच इंचांचा आहे. टेप घ्या.

दगड सुटतो का?

आमच्या भिंतीपुरती तीन कारणं निघाली. तिन्ही नेहमीचीच आहेत.

पहिलं, ऊन. भिंत पश्चिमेची. दुपारनंतर दगड तापतो, पण मागची वीट तेवढी तापत नाही. तीन मीटर उंचीचा वालुकाश्म तीस अंशांनी तापला तर जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. ऐकायला काहीच नाही. पण हे रोज होतं, वर्षानुवर्षं होतं, आणि दगडांमध्ये वाढीसाठी जागा सोडलेली नसेल तर तो ताण सगळा चिकटवलेल्या थरावर येतो.

दुसरं, पाणी. सांध्यातलं सिमेंट तडकलं की पावसाचं पाणी दगडामागे शिरतं आणि लवकर बाहेर पडत नाही. ते क्षार विरघळवत बाहेर येतं आणि पांढरा थर उमटतो. आपण त्याला लोणा म्हणतो. सांध्यांभोवती लोणा दिसला तर समजा, मागे पाण्याची ये-जा सुरू आहे.

तिसरं, लावण्याची पद्धत. दगडाच्या पूर्ण पाठीला मसाला पसरण्याऐवजी चार कोपऱ्यांत आणि मध्ये सिमेंटचे गोळे लावून दगड दाबलेला. म्हणजे निम्म्याहून जास्त जागा पोकळ. शिवाय इतक्या उंचीवर दगडाला नुसत्या सिमेंटचाच नाही, तर स्टीलच्या क्लॅम्पचाही आधार असायला हवा. आमच्याकडे एकही नव्हता.

हे तिसरं कारण महत्त्वाचं आहे. एक दगड असा लावला असेल, तर शेजारचाही त्याच माणसाने, त्याच दिवशी, तसाच लावलेला असणार. "एकच पडलाय ना" या वाक्यात हीच मेख आहे.

फोनची खरी मदत

१. फोटोंचा नकाशा. समोर जमिनीवर खडूने खूण केली आणि रोज त्याच जागेवरून, त्याच वेळी, झूम न बदलता फोटो काढले. कॅमेऱ्याची ग्रिड सुरू ठेवा म्हणजे फोन तिरका होत नाही. मग एका फोटोवर मार्कअपमध्ये प्रत्येक दगडाला नंबर दिला. पडलेला सोडून ४९. पुढे घरात सगळी चर्चा "सतरा नंबर", "तीस नंबर" अशीच चालली, आणि "तो डावीकडचा, नाही नाही, त्याच्या वरचा" हा घोळ संपला. मूळ फोटो जपून ठेवा. चॅटवरून पाठवलेल्या फोटोतून तारीख-वेळेची माहिती बहुतेक वेळा निघून जाते. ठेकेदाराशी वाद झाला तर मूळ फाइलच उपयोगी पडते.

२. रात्रीचा टॉर्च. दिवसा सपाट दिसणारी भिंत रात्री बघा. टॉर्च समोरून मारू नका. खिडकीतून, भिंतीला जवळजवळ टेकवून, आडवा मारा. जो दगड केसभर पुढे आलाय, त्याच्या कडेची सावली लांबलचक पडते. आम्हाला असे सात दगड एका रात्रीत सापडले. याला कुठलंही ॲप लागत नाही.

३. आवाज. ही सगळ्यात भरवशाची परीक्षा, आणि गवंडी ती पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत. हातोड्याच्या लाकडी दांड्याने दगडावर हलकेच टकटक करायचं. नीट चिकटलेला दगड टणक, आखूड आवाज देतो, कारण मागची सगळी भिंत त्याला धरून असते. सुटलेला दगड ढोलकीच्या पानासारखा थरथरतो, त्यामुळे आवाज खोल आणि घुमणारा येतो.

इथे फोनने मला पहिल्यांदा गंडवलं. मी साध्या रेकॉर्डरवर आवाज टिपून ओळखीच्या एका सिव्हिल इंजिनिअर दादाला व्हॉइस नोट पाठवली. त्याला सगळे दगड सारखेच वाटले. मी परत ऐकलं, तर मलाही! कारण फोनचा रेकॉर्डर माणसाचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून बनवलेला असतो. बारीक आवाज तो आपोआप मोठा करतो, मोठा आवाज दाबतो, आणि "ठक" सारखा अचानक आवाज त्याला गोंगाट वाटू शकतो. म्हणजे जो फरक आपल्याला हवा असतो, तोच तो पुसून टाकतो.

मग फायफॉक्स हे ॲप वापरलं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात बनलेलं हे मोफत ॲप फोनमधले सेन्सर प्रयोगांसाठी वापरू देतं. त्यातल्या ऑडिओ स्पेक्ट्रममध्ये कुठल्या वारंवारतेचा आवाज किती, हे आलेखात दिसतं. सुटलेल्या दगडांवर काहीशे हर्ट्झच्या भागात ठळक टोक यायचं. पक्क्या दगडांवर तसं टोक येत नव्हतं. पण प्रत्येक वेळी ठोका तोच, दांडा तोच आणि फोन तेवढ्याच अंतरावर हवा. नाहीतर तुलना फुकट.

ही तपासणी आम्ही परांची बांधल्यावर, मिस्तरी काकांबरोबर केली. शिडीवर एकट्याने चढून डोक्यावरच्या दगडाला ठोकत बसू नका. निकाल असा लागला: २२ पोकळ, २१ पक्के, ६ संशयित. काका कानाने सांगायचे, मी आलेख बघायचो. बहुतेक ठिकाणी जमलं. जिथे जमलं नाही तो दगड संशयितांत टाकला. फोनचा खरा फायदा म्हणजे प्रत्येक नंबरपुढे नोंद राहिली, आणि "मला तर बरा वाटला होता" म्हणायला कुणाला जागा उरली नाही.

जिथे फोनवर विश्वास ठेवू नये

थर्मल कॅमेरा ॲप. कल्पना एकदम बरोबर आहे. दगडामागे हवा असेल तर उष्णता भिंतीत जाऊ शकत नाही, म्हणून उन्हात असा दगड शेजाऱ्यांपेक्षा जास्त तापतो आणि रात्री लवकर निवतो. खऱ्या थर्मल कॅमेऱ्यात हा फरक दिसतो. मीही एक ॲप टाकलं. भिंत लाल-निळी दिसली आणि मी जाम खूश. दुसऱ्यांदा गंडलो तो इथे.

साध्या फोनच्या कॅमेऱ्याचा सेन्सर सिलिकॉनचा असतो. त्याला साधारण एक मायक्रॉन तरंगलांबीपर्यंतचाच प्रकाश कळतो. तापलेल्या भिंतीतून निघणारी उष्णता मुख्यतः आठ ते चौदा मायक्रॉनच्या पट्ट्यात असते. म्हणजे ती त्याला दिसूच शकत नाही. ॲप फक्त उजेडाला लाल आणि सावलीला निळा रंग देत होतं. ओळखायची सोपी युक्ती: दोन सारखे चिनी मातीचे मग घ्या. एकात गरम पाणी, एकात गार. दोन्ही एकाच रंगाचे दिसले तर ॲप काढून टाका. स्टीलचे पेले घेऊ नका. चकचकीत धातू खऱ्या थर्मल कॅमेऱ्यालाही फसवतो. खरंच तापमान बघायचं असेल तर फोनला जोडायचा फ्लिर वनसारखा वेगळा कॅमेरा लागतो.

वायर शोधणारं ॲप. फोनमधला होकायंत्राचा सेन्सर जवळचं लोखंड ओळखतो. दगडामागे लोखंडी खिळा किंवा क्लॅम्प असेल तर आकडा हलतो. पण विजेची तार तांब्याची असते आणि तांब्याला चुंबक विचारत नाही. आमच्या भिंतीत बाहेरच्या दिव्याची वायर होती. तिच्यावर ॲपचा आकडा हललासुद्धा नाही. म्हणून "ॲपमध्ये काही दिसलं नाही" म्हणजे "तार नाही" असा अर्थ कधीच काढू नका. त्या भागाचा एमसीबी पाडा आणि टेस्टरने खात्री करा.

लेव्हल ॲप. फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याचा उंचवटा असतो, त्यामुळे तो दगडावर सपाट बसतच नाही. भिंत किती बाहेर आलीय ते बघायला मिस्तरींनी खिशातून ओळंबा काढला आणि अर्ध्या मिनिटात उत्तर दिलं.

काढायचा क्रम: वरून खाली, नेहमी

माझी सगळ्यात मोठी चूक सांगतो. परांची यायच्या आधी मी शिडीवर चढून खालच्या ओळीतला एक हलणारा दगड पेचकसाने उचकटायला गेलो. हाताला येत होता म्हणून. दगड जरासा सुटला आणि त्याच्या वरचा दगड खाली सरकला. अगदी थोडा, पण मला दिसला. मी तसाच खाली उतरलो. सुटलेले दगड सिमेंटवर नाही, खालच्या दगडावर टेकून उभे असतात. खालचा काढला की वरचे सगळे तुमच्या अंगावर.

आम्ही केलं ते असं:

१. सगळ्यात वरच्या ओळीतला एकच दगड आधी काढून बघितला. मागे मसाला किती जाड, क्लॅम्प आहेत का, प्लास्टर कसं आहे, हे कळल्यावर मगच पुढे गेलो.

२. ग्राइंडरने दगडाभोवतीचा सांधा कापला. पातं दगडाच्या जाडीएवढंच आत. सांधा कापला की एक दगड काढताना धक्का शेजारच्याला बसत नाही.

३. चपटी छिन्नी भिंतीला जवळजवळ समांतर धरून दगडामागे सरकवली. सरळ आत ठोकली तर वीट फुटते.

४. एकाने काढायचं, दुसऱ्याने धरायचं. दगड खाली फेकायचा नाही. घमेल्यात ठेवून दोरीने उतरवायचा.

५. एक ओळ पूर्ण झाली की खालची. भिंतीवर उरलेला मसाला छोट्या ब्रेकरने, तोही तिरका धरून. चार इंची भिंत असेल तर ब्रेकर नको, हातानेच.

आणि पुन्हा सांगतो, वरच्या मजल्याचं काम स्वतः करायचं नाही. मी नंबर, नोंदी आणि फोटो सांभाळले. छिन्नी काकांच्या हातात होती. फ्लॅटमध्ये राहत असाल तर बाहेरची भिंत तुमची एकट्याची नसते. आधी सोसायटी, मग इंजिनिअर.

धूळ: न दिसणारा धोका

वालुकाश्म म्हणजे मुख्यतः वाळूचे कण, म्हणजे सिलिका. तो कोरडा कापला की इतकी बारीक धूळ उडते की ती थेट फुप्फुसात खोलवर जाते आणि तिथेच राहते. तिने होणाऱ्या सिलिकोसिस या आजारावर बरं करणारं औषध नाही. राजस्थानातल्या दगडखाणींतले कितीतरी कामगार तो भोगताहेत. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. एन-९५ मास्क हवाच. कापताना सांध्यावर पाणी मारत राहा, आणि पाणी असताना वीज आरसीसीबी लावलेल्या पॉइंटवरूनच घ्या. डोळ्यांना चष्मा, कानात बोळे.

मिस्तरी काका आधी मास्कला नको म्हणाले, "आयुष्यभर असंच केलंय." मी उन्हात उडणाऱ्या धुळीचा स्लो-मोशन व्हिडिओ काढून त्यांना दाखवला. दिसली ती जाड धूळ, घातक धूळ याहूनही बारीक असते, असं सांगितलं. त्यांनी काही न बोलता मास्क लावला. या सगळ्या कामात माझ्या फोनने केलेली सगळ्यात चांगली गोष्ट बहुधा हीच.

शेवटी हिशोब जुळला का?

२२ पोकळ दगडांमागे खरोखर पोकळी निघाली. ६ संशयितांपैकी ४ अर्धवट सुटलेले होते. पण २१ "पक्क्या" दगडांपैकी २ सांधा कापताक्षणीच हातात आले. म्हणजे आपण फक्त पोकळ तेवढे काढून बाकीचे ठेवले असते, तर ते दोन कधीतरी पायरीवर आले असते. म्हणूनच निम्म्याच्या आसपास दगड सुटलेले निघाले की सगळा भाग उतरवणं शहाणपणाचं. बाबा बरोबर होते. जोत्याजवळचे, तीन फुटांखालचे दगड मात्र आम्ही ठेवले. ते पक्के आहेत, आणि पडलेच तर फार तर पायाच्या बोटावर पडतील.

चांगले निघालेले दगड मागच्या अंगणात फरशीसारखे लावले. बाकी राडारोडा ओढ्यात किंवा रिकाम्या प्लॉटवर टाकू नका. बांधकामाच्या कचऱ्यासाठी केंद्र सरकारने २०१६ साली वेगळे नियम केले, आणि हा कचरा घरच्या कचऱ्यात मिसळायला परवानगी नाही. पालिकेला विचारा, कुठे द्यायचा ते सांगतात.

आणि वेळ सांभाळा. दगड काढलेली भिंत उघडी असते. तिच्यावर पाऊस पडला तर पाणी थेट घरात. आम्ही जूनच्या तोंडावर धावपळ करून प्लास्टर केलं, आठवडाभर पाणी मारलं. तुम्ही दिवाळीनंतर काम काढा, निवांत होईल.

आता भिंत साधी आहे, पांढरी. येणारे-जाणारे विचारतात, "अरे, एवढा छान दगड का काढला?" मी त्यांना फोनमधला पायरीचा पहिला फोटो दाखवतो, फुटलेल्या दगडाचा. त्यात पायरीच्या कडेला आजीची मेथीची जुडी दिसते, अर्धी निवडलेली.